सहा काहिलींचं गुऱ्हाळ

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची भली मोठी, पसरट कढई. मित्रांनो, जन्मभर गोडात शिजूनही माझी जीभ कडू झाली आहे. ती का झाली, तेच आज सांगते.

दौंडच्या एका लोहाराने जाड पत्रा ठोकून मला घडवलं. कासुर्डीच्या हौसरावांनी मला ट्रॅक्टरमधून मळ्यात आणलं. त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं आणि मी चुलवाणावर, म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीवर, बसले. माझा गूळ पिवळाधमक व्हायचा. पण मी एकटी होते, तोवर हौसरावांच्या हाती फारसं काही उरत नसे. ऊस पिळायचा चरक अर्धा वेळ रिकामा. रस नेमका कधी उतरवायचा हे ठरवणारा गुळव्या, हरिबा, तोही अर्धा वेळ तंबाखू मळत बसलेला. आणि निम्मा जाळ धुराड्यातून फुकट आभाळात जायचा.

मग हौसरावांनी माझ्या मागे, त्याच जाळाच्या वाटेवर, दुसरी काहील बसवली. चरक तोच, हरिबा तोच, जाळही तोच. गूळ मात्र दुप्पट झाला. साहजिकच प्रत्येक ढेपेमागचा खर्च उतरला. पार निमोण्याहून माणसं आमचं गुऱ्हाळ बघायला आली. मला तेव्हा फार अभिमान वाटला.

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हाताने धाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सारजाबाई येईल त्याला रस देत, गरम गूळ देत. कुणी तांब्या आणला तर त्यात काकवी ओतत. शेजारच्या मळ्यातली ताईबाई काकवी न्यायला आली, की जाताना अंगणातली चिपाडं उन्हात उलथून जाई. तिचं बघून आणखी चारजणी हात लावत. चिपाडं म्हणजे पिळून उरलेला ऊस. ती वाळली की तेच आमचं जळण. हे काम कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

हौसरावांचा मुलगा सत्यजीत शिरूरकडे एका कारखान्यात सुपरवायझर होता. तो नोकरी सोडून घरी आला आणि त्याने हिशेब मांडला. दोन काहिलींनी खर्च एवढा उतरला, तर सहांनी केवढा उतरेल? हौसराव एवढंच म्हणाले, "दोनांवर माझा डोळा र्‍हातो. सहांवर कुणाचा र्‍हाईल, त्ये आधी ठरव." पण पोरगं शिकलेलं, आणि बापाला त्याला नाही म्हणायची सवय नव्हती. सहा काहिली झाल्या. रस्त्यावर तसा बोर्ड लागला.

आता दुसरं चुलवाण आलं, दुसरा चरक आला, नवे गुळवे आले. प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाचा गूळ वेगळा. त्यांच्यावर नजर ठेवायला मुकादम आला. मुकादमावर नजर ठेवायला सत्यजीतचा मेहुणा आला. तो खाटेवरून नजर ठेवायचा. कासुर्डीचा ऊस तर बघता बघता संपला. मग भीमेपलीकडून, मांडवगण फराट्याहून, ट्रकने ऊस येऊ लागला. तोडलेला ऊस वाटेत आणि दारात ताटकळायचा, त्याचा रस आंबायचा, आणि आंबलेल्या रसाचा गूळ काही केल्या घट्ट बसत नसे.

सत्यजीतने खर्च कमी करायला काय केलं असेल? काकवी बंद केली. एवढ्या मोठ्या गुऱ्हाळाला असलं फुकट वाटप परवडत नाही, असं त्याने आईला सांगितलं. एका काहिलीला ते परवडत होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ताईबाई यायची थांबली, चिपाडं ओली कुजली आणि जळणाला लाकडं विकत आणावी लागली. मी एकटी होते तेव्हाच्यापेक्षाही आता ढेप महाग पडू लागली. बडा घर, पोकळ वासा म्हणतात ते हेच.

हौसरावांना सगळं कळत होतं. एक दिवस माझ्याशेजारी उभे राहून ते मुलाला म्हणाले, "चार विझव. दोनांवर म्या मरंस्तवर गूळ काढीन. माझं गुऱ्हाळ तेवढं जगू दे."

"आबा, बोर्डावर सहा लिहिलंय. लोक हसतील."

शेवटी मुकादमाच्या सल्ल्याने एकच काहील काढायची ठरली. सगळ्यांत लहान कोण? मी. जिने संसार उभा केला, तीच पहिली बाहेर, अंगणात उताणी. त्या दिवशी हौसराव जेवले नाहीत. पुढे हंगाम संपायच्या आतच बाकीच्याही थंड झाल्या. चरक विकले गेले, हरिबा दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गेला. हौसराव आता चहासाठी वाण्याकडून गूळ आणतात. पिशवी सदऱ्याआड धरून आणतात, ते मला इथून दिसतं.

परवा बापलेक इथे आले होते. सत्यजीत थंड चुलवाणाकडे बघत उभा होता. मला वाटलं, आता तरी याला उमगलं.

"आबा, माझं चुकलंच," तो म्हणाला. "सहा कमी पडल्या. बारा करायला पायजे होत्या."

हौसराव वळले आणि घराकडे निघून गेले.

मित्रांनो, तुम्ही मोठं काहीतरी कराल तेव्हा करा. पण एखादी जुनी काहील अंगणात दिसली, तर चौघं मिळून तिला पालथी घाला. उताणी ठेवली की पाणी साचून बूड सडतं. माझ्याजवळून सत्यजीत रोज जातो. त्याला हे अजून दिसलेलं नाही.