चाळीस सेकंद जास्त

तीस वर्षं मी डोंबिवलीच्या एका केमिकल कारखान्यात मालाचे नमुने तपासले. पुरवठादार देवमाणूस असला तरी त्याचं पिंप उघडून बघायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर वाचनालयातल्या ध्वनिमुद्रणांचं काम अंगावर घेतलं, तेव्हा ती सवयही सोबत आली.

व्यवस्था साधी आहे. आमचं वाचनालय, कळव्याचं एक कॉलेज आणि ठाण्यातलं एक चर्च, तिघांनी एकमेकांचा ठेवा आपापल्या संगणकांवर सांभाळायचा. एकीकडे पाणी शिरलं तरी दुसरीकडे शाबूत. कॉपी, बॅकअप, ओरिजिनल हे शब्द जो तो मनाला येईल तसे वापरायचा, म्हणून मी एका पानाची शब्दसूची करून तिन्हीकडे भिंतीवर लावायला लावली. ‘मूळ’ म्हणजे जमा केली त्या दिवशी होती तशी फाइल. ‘बंद प्रत’ म्हणजे दुसऱ्याची फाइल, नुसती सांभाळायची, मालकाच्या परवानगीशिवाय उघडायची नाही. ‘ठसा’ म्हणजे फाइलवरून संगणक काढतो तो लांबलचक क्रमांक. आत एक कण हलला तरी तो बदलतो. दर तीन महिन्यांनी ठसे जुळवायचे, ती ‘पडताळणी’.

पहिल्याच पडताळणीत एक ठसा जुळला नाही.

फाइल व्हिक्टोरियाबाईंची होती. घोडबंदर रोडच्या टॉवरांमागे उरलेल्या गावठाणातल्या नव्वदीच्या ख्रिस्ती बाई. त्यांच्याकडे लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत उंबराचं पाणी आणतात, त्या वेळची गाणी मी गेल्या वर्षी त्यांच्या ओसरीवर रेकॉर्ड केली. महिन्याभरात बाई गेल्या. अलीकडेच वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तीच गाणी मी खोकला, खरखर काढून वाजवली. टाळ्या पडल्या.

ठाण्याचा संगणक सांभाळतो लॉईड, त्यांचाच नातू. वर्धापनदिनानंतर आठवड्याने त्याचा फोन आला होता.

“काका, माझं लग्न आलंय जवळ. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तुम्हाला प्यायला पाणी आणायला आत गेलेलो ना, तेव्हा आजी काहीतरी बोलली. मला कधी सांगितलंच नाही, नुसती हसायची. रेकॉर्डिंगमध्ये आहे का ते?”

मी फाइल पुन्हा ऐकली आणि फक्त गाणीच आहेत असं त्याला कळवलं.

आता त्याच फाइलचा ठसा चुकला होता, आणि ठाण्याची प्रत माझ्या फाइलपेक्षा चाळीस सेकंद जास्त लांब होती. माझ्या डोक्यात चक्रं फिरू लागली. त्यांच्या घरची जमीन बिल्डरकडे जायची होती, भावाभावांत जुंपली होती, हे मला ठाऊक होतं. लॉईडने आधी आजीचं काही बोलणं नाही हे माझ्याकडून पक्कं करून घेतलं असणार, आणि मग जमिनीबद्दल सोयीचं वाक्य आत घुसवलं असणार. हल्ली मेलेल्या माणसाचा आवाजही बनवता येतो.

पहिल्या दिवसाच्या ठशांची यादी कळव्याला होती, कॉलेजच्या ग्रंथपाल दर्शनाकडे, आणि ती गुरुवारपर्यंत रजेवर. मला कुठला दम निघतोय!

“बंद प्रत उघडलीस का रे?” मी लॉईडला फोनवरच विचारलं.

“नाही काका.”

“मग चाळीस सेकंद काय आभाळातून पडले?”

“मला नाही माहीत. मी हात नाही लावलेला.”

त्याचा आवाज कापत होता. चोर घाबरला, असं मी मनाशी म्हटलं. लॉईडकडून काम काढून घ्यावं, असं पत्र मी त्याच संध्याकाळी चर्चच्या फादरना पाठवलं.

गुरुवारी दर्शनाचा फोन आला.

“त्र्यंबककाका, माझी प्रत आणि पहिल्या दिवसाची यादी, दोन्ही लॉईडशी जुळतायत. बदललीय ती तुमची.”

मी माझ्या फाइलची तारीख पाहिली. वर्धापनदिनाच्या आदल्या दिवसाची. साफ केलेली फाइल वेगळ्या नावाने ठेवायची सोडून मी ती मूळ फाइलवरच सेव्ह केली होती. गाण्यांच्या मधलं सगळं व्यत्यय समजून, न ऐकताच उडवलेलं. लॉईडला उत्तर देताना ऐकली ती हीच. माझी मलाच लाज वाटली.

शुक्रवारी ठाण्याला गेलो. लॉईड खुर्चीतून उठून उभा राहिला. टेबलावर माझं पत्र पडलं होतं. मालक या नात्याने मीच बंद प्रत उघडली.

गाणं संपलं. खोकला. चपला आत गेल्याचा आवाज. मग व्हिक्टोरियाबाई हळूच बोलल्या.

“गेला? हा माजा लॉईड. त्याच्या लग्नाला मी नसन, म्हनून आज गायलं. त्याच्या उंबराच्या पान्याला हेच लावा. आता सांगू नका, रडल.”

त्यामागून माझाच आवाज आला, “लक्षात ठेवतो, आजी.”

मी शब्द दिला होता, आणि पार विसरलो होतो.

“चुकलो रे, लॉईड,” मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले. भिंतीवरच्या माझ्या शब्दसूचीकडे पाहिलं.

“तीन महिने इथेच होती काका. रोज वाटायचं, उघडावी.” मग त्याने विचारलं, “आता अजून एकदा ऐकली तर नियमात बसतं ना?”

मी माउस त्याच्याकडे सरकवला.