आठ किलोमीटर पाठीवर

परक्या देशात खांद्याला खांदा लावून केलेली सेवा माणसांना जन्माचं बांधून ठेवते. कंपाउंडरलाही तेवीस वर्षांपूर्वी असंच बांधलं गेलं होतं आणि अजून सुटका झाली नव्हती. तिकडच्या त्या वर्षभराच्या दवाखान्यातले चार स्वयंसेवक, म्हणजे तो, दंतवैद्य, मास्तरीणबाई आणि इंजिनिअर, दरसाल दंतवैद्याच्या दिवाणखान्यात जमत, तेच फोटो प्रोजेक्टरवर बघत आणि त्याच जागी डोळे पुसत.

यंदाही दंतवैद्य टायफॉइडवर आला. "एकशेचार ताप! पूल वाहून गेलेला. आपल्या तिथल्या ड्रायव्हरने मला पाठीवर घेतलं आणि आठ किलोमीटर चालला. ड्रायव्हर कसला, सख्खा भाऊ!" बोलता बोलता त्याने अंगठ्यावरचं केकचं क्रीम चाटलं आणि तोच अंगठा मास्तरीणबाईंच्या खांद्यावर ठेवला. त्या आठ किलोमीटरांत दंतवैद्य या भावाच्या मानेवर तीनदा ओकला होता, आणि सलाइनची बाटली धरून मागून चालणाऱ्या कंपाउंडरने ते पुसलं होतं. याचा फोटो कोणी काढला नव्हता.

"भावाचा ग्रुपवरचा मेसेज वाचलात ना, मागच्या महिन्यातला?" कंपाउंडरने विचारलं. "वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन आपल्या शहरात आहे. दोघांना उतरायला जागा हवीय."

"वाचला की! मी खाली लाल बदामही टाकला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग ते उतरणार कुणाकडे?"

दंतवैद्याने प्रोजेक्टरवर पुढचा फोटो आणला.

"माझ्याकडे चार खोल्या आहेत रे," दंतवैद्य म्हणाला, "पण कुत्र्याला परकं माणूस खपत नाही. फार हळवं आहे ते."

"आमच्याकडे सूनबाई घरून काम करते," मास्तरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "नाहीतर मी पायघड्या घातल्या असत्या."

इंजिनिअरने चष्मा पुसत प्रश्न तत्त्वावर नेला. "अरे, तो स्वाभिमानी माणूस. आपण आसरा दिला तर ओशाळेल बिचारा. त्यापेक्षा सत्कार करू."

सत्कार सगळ्यांना पटला. हॉल कुठला घ्यायचा, यावर वाद जुंपला.

कंपाउंडरला त्यांची शिसारी आली, मग स्वतःचीही. मेसेजखाली त्यानेही जोडलेले हातच टाकले होते. दीड खोलीत दोन पाहुणे म्हटल्यावर बायको काय म्हणेल हा धाक, आणि चार खोल्यांचा धनी बघून घेईल ही आशा. तो उठून गॅलरीत गेला आणि आधी बायकोला फोन लावला.

"मग आणा की. आपण स्वयंपाकघरात झोपू," ती म्हणाली. "एवढं विचारायला महिना लागला तुम्हाला?"

नंतर ड्रायव्हरला.

"कंपाउंडरभाऊ!" याच चौघांकडून शिकलेल्या भाषेत तो ओरडला. "दंतवैद्यसाहेब खुशाल ना?"

"दगडासारखा आहे. तुम्ही दोघं माझ्याकडे उतरा. कधी निघताय?"

"अहो, आम्ही जाऊन परत आलोसुद्धा, परवाच! ऑपरेशन झकास झालं. आता ही सुईत दोरा स्वतः ओवते. तुम्ही सगळे कामातली माणसं, म्हणून पुन्हा विचारलं नाही."

"राहिलात कुठे?"

"हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. नऊ दिवस. मजेत गेले हो, पंखा होता."

कंपाउंडरने हॉस्पिटलचं नाव विचारलं. ते त्याच्या घरापासून दोन बसस्टॉपवर होतं.