मनगटावरचा सांधा

निशाने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि ताटलीत बांगडीचे तीन तुकडे जुळवून ठेवले. हातातला गोंद त्याच्या निळ्या दिव्याने घट्ट होतो तसा उन्हानेही होतो, म्हणून अंधार हवा होता. सासूबाईंना दिसू नये म्हणूनही हवाच होता.

बांगडी परवाच भरलेली. नवऱ्याला, दिपेशला, छातीच्या ऑपरेशनसाठी डोंबिवलीहून ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायच्या आधी आवडाबाईंनी कासारणीला घरी बोलावून सुनेचे दोन्ही हात हिरवे करून घेतले होते.

“माजा पोर घरी येईपर्यंत यातली एकपण वाढता कामा नये,” त्या म्हणाल्या होत्या. बांगडीला ‘फुटली’ म्हणणं या कोळ्याच्या घरात चालत नसे.

रात्र हॉस्पिटलात काढून निशा डबा करायला घरी आली. दिपेशला ऑपरेशनला आत घेतल्याचा धाकट्या दिराचा, सुशांतचा, फोन आला आणि डबा घासता घासता तिचा हात नळावर आपटला. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं ती मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची. आता मात्र तिने तीनही तुकडे शोधून वेचले होते.

गोंदाची पेनासारखी नळी दिपेशनेच मागवलेली, चष्म्याची दांडी चिकटवायला. दांडी काळी कुळकुळीत, तिच्यातून उजेड आत जाईना, गोंद ओलाच राहिला. दिपेशने विकणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला होता. काचेवर मात्र गोंद शहाण्यासारखा वागला. थेंब लावून नळीच्या टोकाचा निळा दिवा धरला, तसे दोन तुकडे एक झाले.

पुढे गाडी अडली. अख्खी जोडलेली बांगडी हातावरून चढवताना पुन्हा मोडली असती. तिसरा तुकडा मनगटावरच बसवायला हवा होता. एक हात बांगडीत, दुसऱ्याने तुकडा दाबून धरलेला. मग दिवा कोण धरणार?

“काय करतेस गो अंधारात?”

आवडाबाई दारात उभ्या होत्या. निशाच्या हातून तुकडा ओट्यावर पडला.

“चुकून झालं, आई. नळाला हात लागला.”

आवडाबाईंनी तुकडा उचलून बोटांत फिरवून पाहिला. निशा बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिली.

“तुजा सासरा खाडीत गेला नि परत आला नाय, त्या दिवशी माजी एकपण फुटली नव्हती,” त्या म्हणाल्या. “सगल्या शाबूत होत्या. मागनं बायांनी फोडल्या.”

‘फुटली’ हा शब्द निशा त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

“मग राहू दे ना हे जोडणं, आई?”

“हात ठेव हितं.”

निशाने तुकडा बसवून दाबून धरला. आवडाबाईंनी दिवा लावला. निळा उजेड सुनेच्या बांगड्यांवर पडला, तसा त्यांच्या मोकळ्या मनगटावरही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. सुशांतच असणार. निशाचा हात हलला.

“हलू नको,” आवडाबाई म्हणाल्या. त्यांनी दिवा सांध्याच्या आणखी जवळ धरला. “वाजू दे. आधी ही घट्ट होऊ दे.”