विश्रामबाबांचे दोर

अठ्ठेचाळीस साली कांदळपाड्याच्या सप्ताहाला थेट देशावरचे बुवा यायचे होते, आणि महिपतच्या पायाला जशी भिंगरी लागली होती. डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीला लागून असलेलं तीस-चाळीस घरांचं हे गाव. पावसात भात, उन्हाळ्यात मिठागरावर मजुरी. पण कीर्तनाचं वेड मात्र मोठमोठ्या पेठांना लाजवील असं. महिपत तर असा, की बुवांनी नुसता विठ्ठलाच्या नावाचा गजर धरला तरी याच्या डोळ्यांना धार लागायची. सप्ताहाचं सगळं त्याच्याकडे: टाळकऱ्यांची जेवणं, समया, हंडी आणि मंडप.

या खेपेला मंडप दुप्पट हवा होता. बांबू मिळाले, झावळ्या मिळाल्या, दोर काही मिळेना. कल्याणच्या बाजारातून आणलेला सुंभ दोन खांबांतच संपला. तेव्हा महिपतला आठवले ते खाडीकाठच्या चार पेंढ्याच्या घरांवरचे दोर.

त्या घरांना मृगाआधी काथ्याचे जाड दोर छपरावरून आडवे-उभे टाकत आणि टोकं जमिनीतल्या खुंट्यांना बांधत. वारा आत शिरला तरी छप्पर उचलत नसे. कार्तिकाची अवस सरेपर्यंत हे दोर सोडायचे नाहीत, असा जुना रिवाज. पण पाऊस दसऱ्यालाच गेला होता. भात कापून झालं होतं. दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत छपराला दोर कशाला, असं महिपतला वाटलं, आणि तीन घरांनी हसत हसत दिलेही.

चौथं घर गोदाचं. ती विधवा, मूलबाळ नाही, घरात दुसरा माणूस म्हणजे म्हातारा सासरा विश्रामबाबा. दृष्टी गेलेली, पाय गेलेले, पण हात शाबूत. गावातले निम्मे दोर त्या हातांनी वळलेले.

"अवस झाली नाय अजून," म्हातारा बाजेवरून म्हणाला.

"बाबा, आभाळ बघा कसं धुतल्यासारखं हाय!"

"मना बघायला सांगतंस? मना?" म्हातारा खदखदून हसला. "माझ्या बापाच्या वक्ताला कार्तिकातच आयला होता वारा. भाताचे भारे खाडीतून वाहत गेलेले. म्हनून अवस."

"बाबा, देवाच्या कामाला पाहिजेत. सात दिवस फक्त. त्याच्या मंडपाला दोर दिलात, तर तो तुमच्या छपराला हात लावू देईल का कुनाला?"

हे महिपत मनापासून बोलला. त्यात लबाडी नव्हती, आणि पुढे आयुष्यभर तेच त्याला जास्त बोचत राहिलं. म्हाताऱ्याने गोदाकडे तोंड वळवलं. गोदा म्हणाली, "द्या हो बाबा. दादा काय आपल्या वाईटाचं सांगतीन का?"

महिपत छपरावर चढला. पण दोरांच्या गाठी सुटेनात. विश्रामबाबांची गाठच तशी, दुहेरी वेढ्याची. ओढावी तितकी आवळत जाणारी. खाली उतरून त्यांना विचारायचं, तर म्हातारा पुन्हा अवसेचं काढील. त्याने कमरेचा कोयता काढला आणि गाठीगाठीशी दोर तोडले. काथ्या तुटताना कट्-कट् आवाज झाला.

महिपत घरी आला तेव्हा त्याची बायको हौसाबाई तांदूळ पाखडत होती. "ऐकताव का? दुसऱ्यांच्या छपराचे दोर आनलेत, आपल्या घराचं काय दिलंत?"

"आपल्या घरावर कौलं हायत. आपल्याकडं दोर कुठं?"

"तेच बोलते मी," हौसाबाई म्हणाली आणि सूप पुन्हा हलवू लागली.

सप्ताह असा रंगला की विचारू नका. मानपाड्यापासून, कोपऱ्याकोपऱ्यातून माणसं बैलगाड्या जोडून आली. बुवांचा आवाज म्हणजे खर्जातला गोडवा. देव भक्ताच्या घरी कसा राबतो, हे सांगताना ते असे काही थांबत, की बायका पदर डोळ्यांना लावत आणि बाप्ये घसा खाकरत. विश्रामबाबांना आणणं शक्य नव्हतं, पण त्यांचं घर हाकेच्या अंतरावर. ते बाजेवर पडून ऐकत आणि रोज गोदाला विचारत, "आज मृदंग कोन वाजवत होता? हात हलका हाय त्याचा."

सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. झिमझिम पाऊस. सातव्या रात्री वारा सुटला आणि आठव्या दिवशी, काल्याच्या सकाळी, मिठागरावरचा दगडू धापा टाकत देवळाशी आला.

"महिपत, ओहोटीची वेळ होऊन गेली, पानी उतरलं नाय. खाडी फुगलेय. असं कधी बघितलं नाय मी."

महिपतने वर पाहिलं. मंडपाच्या झावळ्या फडफडत होत्या. बुवांची पूजा चालली होती, हंडी बांधून झाली होती, चुलाण्यांवर आमटीला उकळी आली होती. तेवढ्यात गोदा आली. भिजलेली, डोक्यावर गोणपाट.

"दादा, आमचे दोर आता मिलतील का? छप्पर हलतंय. बाबा बोलतान, पेंढा वाजतोय."

दोर होते, समोरच होते, मंडपाच्या वाशांना करकचून बांधलेले. ते सोडायचे म्हणजे काल्याच्या कीर्तनाआधी मंडप उतरवायचा. सात दिवसांची सेवा, आणि काल्याविना सप्ताह! गावात असं कधी झालं नव्हतं. शिवाय दोर तोडलेले. तुकडे जोडून पुन्हा छपरावर घालायला दोन-तीन माणसं आणि अर्धा दिवस हवा. हे त्याने गोदाला सांगितलं नाही.

"दोन तासांचा खेळ गो," तो म्हणाला. "काला होऊ दे. दुपारी मी स्वतः येऊन बांधून देतो. तू बस. काल्याला पाठ दाखवू नये."

"बाबांना देवलात आनू का?"

त्याच वेळी बुवांनी आतून हाक मारली, "महिपतराव, टाळकरी कुठं गेले?" आणि महिपत "आनू, आनू, नंतर आनू" म्हणत आत धावला. गोदा क्षणभर उभी राहिली. मग गोणपाट पिळून बायकांत जाऊन बसली. दादांनी सांगितलं होतं.

कीर्तन सुरू झालं. गोपाळांच्या शिदोऱ्या, कुणाची ताक-कण्या, कुणाची शिळी भाकर, सगळं एकत्र कालवून देव घास घेतो, इथवर बुवा आले. वारा असा घोंघावू लागला की टाळांचा आवाज टाळकऱ्यांनाच ऐकू येईना. मग एकाएकी खाडीच्या अंगाने काहीतरी फाटल्यासारखं झालं. झावळ्या कावळ्यांच्या थव्यासारख्या उडाल्या. हंडी फुटली, कुणी न फोडता. माणसं देवळाच्या दगडी गाभाऱ्याकडे पळाली.

महिपतही पळाला, पण दारात वळून त्याने पाहिलं. मंडपाच्या झावळ्या गेल्या होत्या, पण वासे उभे होते. एकही खांब पडला नव्हता. विश्रामबाबांचे दोर ताणले जात होते, करकरत होते, आणि सुटत नव्हते. आणि मंडपाच्या उघड्या वाशांमधून त्याला गोदाचं घर दिसलं. पेंढ्याचं छप्पर एका अंगाने वर उचललं गेलं, टोपली उपडी करावी तसं उलटलं आणि खाडीवर गेलं. मग पावसाने भिजलेली मातीची भिंत आत बसली.

गोदा त्याच्या आधी धावली होती. महिपत आणि दगडू वाऱ्यात रांगत, झाडांना धरत पोचले. भिंतीखालून म्हाताऱ्याला काढलं तेव्हा अंगात जीव नव्हता. हातात काथ्याचा अर्धा वळलेला पेड होता. सप्ताहभर ऐकता ऐकता म्हातारा दोर वळत बसला होता, आणि बाजेखाली नव्या दोराची दोन वेटोळी ओली होऊन पडली होती.

गावात बरीच छपरं गेली, खळ्यावरचं भात गेलं, पण माणूस एकच गेला. गोदाने महिपतला एक शब्द लावला नाही. तिने शिव्या दिल्या असत्या, तोंडावर थुंकली असती, तर त्याने पाय धरले असते. ती फक्त म्हणाली, "दादा, पेंढा वाजतोय, असं बोललेले ते," आणि दिवसकार्य झाल्यावर भाऊ गोपीनाथकडे मोहन्याला निघून गेली.

पुढे कांदळपाड्यात अवस झाल्याशिवाय कुणी छपराच्या दोराला हात लावला नाही. सप्ताहही अवसेनंतर हलवला. महिपत कीर्तनाला बसायचा, पण मंडपाच्या कामात पुन्हा पडला नाही. तो काथ्या घेऊन ओटीवर दोर वळायला शिकला. पहिली दोन वर्षं त्याचे दोर पहिल्याच ओढीला उलगडत. चिडून टाकून द्यायचा, पुन्हा घ्यायचा.

सहा वर्षांनी, पहिला बरा दोर झाला तो खांद्यावर घेऊन तो मोहन्याला गेला. कारखान्याच्या अंगाला चाळीच्या खोल्या होत्या. गोदा अंगणात धुणं धूत होती. केस पांढरे झालेले.

"दादा! या. वहिनी बरी हाय ना?"

"बरी हाय." त्याने वेटोळं खाली ठेवलं. सगळ्या वाटेने घोकलेलं तोंडातून निघेना. "छपराला आनलाय. मी वलला."

गोदाने वर पाहिलं. त्यानेही पाहिलं. वर सिमेंटचे पत्रे होते, मोठे बोल्ट आवळून बसवलेले.

"इथं लागत नाय दादा," ती हळूच म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने वेटोळं उचललं, पेडावरून अंगठा फिरवला. "बरा वललाय. कपडे वालवायला होईल."

तिने एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं समोरच्या खांबाला. दोन वेढे, टोक आतून, मग ओढ. महिपत बघत राहिला. ती गाठ त्याने कुठेही ओळखली असती.

"ही कुनी शिकवली?"

"बाबांनी. लग्न होऊन आले त्याच वर्षी." तिने ओलं लुगडं दोरावर टाकलं आणि झटकून पसरलं. "सुटत नाय, पन सोडता येते. हे मधलं टोक आत ढकललं की एका बोटाने मोकळी. तुमी इचारलं असतंत, तर त्यांनी सांगितलं असतं."

महिपतने मान हलवली. लुगड्याचं पाणी दोरावरून ठिबकत होतं. गोदा आत चहाचं आधण ठेवायला गेली, आणि तो त्या गाठीपाशी उभा राहून एका बोटाने ते मधलं टोक चाचपत राहिला. ढकललं मात्र नाही.