साडेतीनला उघडणारं दार

उदगीरला सासुरवाडीत सत्यमला देवपण आलं होतं, आणि ते त्याला झेपत नव्हतं.

धोंड्याचा महिना चालू होता. या महिन्यात जावई म्हणजे नारायण, आणि नारायणाने इकडची काडी तिकडे करायची नसते. लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक मास. सकाळी त्याने चहाची कपबशी स्वतः विसळली, तर सासूबाई सिंधुताईंनी कपाळाला हात लावला आणि देवाची माफी मागायला वळल्या. कुठे वळावं यात त्यांचा जरा गोंधळ उडाला, कारण एक देव देव्हाऱ्यात होता आणि दुसरा मोरीत कपबशी घेऊन उभा होता.

सासरे रेणुकादास निवृत्त मुख्याध्यापक. दोन वर्षांत ते सत्यमशी तीनच वाक्यं बोलले होते. "या जावईबापू." "पोटभर जेवा." "निघालात?" तिन्ही वाक्यं चांगलीच होती. पण शेजारचा सिद्धलिंग, त्यांचा जुना विद्यार्थी, वय बेचाळीस, बँकेत मॅनेजर, गेटातून आत आला की ते ओरडायचे, "सिद्ध्या, गधड्या, चप्पल कुठं काढलास?" तेव्हा सत्यमला सिद्धलिंगाचा हेवा वाटायचा. त्याला 'सत्या' म्हणून हाक मारणारं एकच माणूस लोह्याला, त्याच्या घरी होतं, त्याचे वडील. ते लग्नाआधीच गेले.

"म्हणजे बाबांनी तुला गधडा म्हणावं, असं वाटतंय तुला?" त्याच्या बायकोने, ऋतुजाने विचारलं.

"एकदा तरी."

"मी रोज म्हणते की."

"तुझं वेगळंय. तू मनापासून म्हणतेस."

संधी मिळाली ती कपाटामुळे. बैठकीतल्या सागवानी कपाटाचं उजवं दार अकरा वर्षांपासून लागत नव्हतं. वरची बिजागरी ढिली होऊन दार झुकलं होतं. ते लावायची रीत घरात सगळ्यांना पाठ होती: दार वर उचलायचं, गुडघ्याने रेटायचं, फटीत कागदाची जाड घडी खुपसायची. तरी ऊन तापलं की दुपारी साडेतीनच्या सुमाराला ते कर्रर्र करत आपणहून उघडायचं, आणि त्या आवाजावर सिंधुताई चहा टाकायच्या. घरात घड्याळ होतं, पण त्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता.

हे दार आपण दुरुस्त करायचं, मग कोण आपल्याला पाहुणा म्हणतं बघू, असं सत्यमने ठरवलं.

दुपारी पुरणाचे धोंडे खाऊन सगळे आडवे झाले. सत्यमने फटीतली घडी काढून उलगडली, तर ती त्याच्याच लग्नाची पत्रिका निघाली.

"बाबांनी सतरा पत्रिका लावून बघितल्या," ऋतुजा कुजबुजली. "आपलीच टिकली. तुझं कौतुक करत होते, पाहुण्यांचा कागद दमदार आहे म्हणून."

सासरे आपल्याविषयी काहीतरी चांगलं बोलले होते, हे सत्यमला दोन वर्षांनी कळलं.

आत मधल्या फळीवर पितळी ताटात झाकून ठेवलेले तेहतीस अनारसे होते, संध्याकाळी त्यालाच द्यायचं वाण. मुंग्या लागू नयेत म्हणून सिंधुताईंनी ते इथे ठेवलेले. वर आतल्याच खिळ्याला कपाटाची किल्ली लटकत होती. कुलूप खटक्याचं, दार लोटलं की आपोआप लागणारं. पण दारच लागत नाही म्हटल्यावर किल्ली बाहेर ठेवून करायचं काय?

सत्यमने वरचे स्क्रू काढले. भोकं मोठी झाली होती. त्यात डिंक लावून काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या आणि स्क्रू परत पिळायचे, एवढंच काम. तो नव्या सदऱ्यानिशी खाली बसून दाराला खांदा लावत होता, तेवढ्यात सिंधुताई उठल्या.

"अगं बाई! नारायण काय करून राहिलेत?"

"दार धरून राहिलेत," ऋतुजा म्हणाली.

त्या ओरडण्याने रेणुकादास बाहेर आले. सत्यमने आदराने मान वर केली, आणि त्या आदरापायी खांदा सुटला. दार कलंडलं.

"सत्या! बोटं काढ, गधड्या!"

रेणुकादासांनी झेप घेऊन दार धरलं. सत्यमची बोटं वाचली.

"अहो, नारायणाला गधड्या म्हणालात?" सिंधुताईंनी पुन्हा कपाळाला हात लावला.

रेणुकादासांचे कान लाल झाले. त्यांनी घसा साफ केला. "म्हणजे... जावईबापूंनी आपली बोटं काढावीत, असं म्हणायचं होतं."

सत्यमचं तोंड एवढंसं झालं. मिळालेलं डोळ्यांदेखत परत गेलं होतं.

मग त्याने मुकाट्याने काड्या ठोकल्या, स्क्रू पिळले. रेणुकादासांनी दार धरून ठेवलं. शेवटचा स्क्रू बसला तसं सत्यमने एका बोटाने दार लोटलं. खट्‌ आवाज झाला. अकरा वर्षांनी दार लागलं.

सगळे कौतुकाने बघत राहिले. मग हळूहळू एकेकाला किल्ली आठवली.

"वाण आत हाय," सिंधुताई म्हणाल्या.

"किल्लीपण," ऋतुजा म्हणाली.

साडेतीन वाजून गेले. कर्रर्र झालं नाही, म्हणून चहाही झाला नाही. रेणुकादासांनी दार ओढून बघितलं, वाकून बघितलं, चष्मा काढून बघितलं. नारायणाने मोठ्या मेहनतीने स्वतःचंच वाण कोंडून घातलं होतं. सत्यम मान खाली घालून उभा होता. आता 'निघालात?' एवढंच ऐकायचं राहिलं होतं.

"बघत काय उभा राहिलास, सत्या?" रेणुकादास म्हणाले. "बिजागरीची खीळ बाहेरून निघती. हातोडी आण. माझ्या खाटेखाली हाय."

हातोडी आणायला सत्यम अक्षरशः पळाला. दोघांनी मिळून दोन्ही बिजागऱ्यांच्या खिळी ठोकून काढल्या आणि दार उतरवलं. त्या ठोकाठोकीत काड्यांचा भुगा झाला. पुन्हा चढवलं तेव्हा दार पहिल्यासारखंच झुकलेलं होतं. रेणुकादासांनी किल्ली आधी स्वतःच्या खिशात टाकली, मग पत्रिकेची घडी सत्यमच्या हातात दिली.

"गुडघ्यानं रेट. जोर लाव. लई जोर नको, गधड्या."

सिंधुताई वाणाचं ताट घेऊन आल्या. "नारायणा, हात तरी धुऊन या. काळे झालेत."

सत्यम मोरीत गेला, स्वतः नळ सोडला, स्वतः हात धुतले. येताना राहिलेल्या चहासाठी सगळ्यांच्या कपबश्याही विसळून घेऊन आला. कुणीही जागेवरून उठलं नाही.