वीरभद्रप्पांच्या खुणा नेणारा डबा

मित्रांनो, बीदरजवळच्या कोळारला औषधांचं एक गोदाम आहे. तिथल्या मधल्या खांबावर, शिडीशिवाय हात पोचणार नाही इतक्या उंचीवर ठोकलेला जुना वाय-फायचा डबा म्हणजे मी.

२००८ साली मला बसवलं तेव्हा लोक मान वर करून बघायचे. माझं मुख्य काम शीतखोलीचं. तिथं इन्सुलिनची खोकी असत. खोलीचं तापमान मी हैदराबादच्या कार्यालयाला कळवत असे. दुसरं काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण जीव त्यातच होता. गोदाम सांभाळणारे वीरभद्रप्पा जेवणाच्या सुट्टीत जुना लॅपटॉप उघडून पुण्यातल्या लेकीशी बोलत. शैलश्रीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती छापखान्यात कामाला होती. बापलेकीची खुणांची एक भाषा होती, घरातच जमून आलेली. आई गेल्यावर ती जगात दोघांनाच येत होती. त्या दोघांचे हात मी इकडून तिकडे पोचवायचो.

पण मला एक खोड होती. चालता चालता मी मधेच गोठायचो. मग वीरभद्रप्पा शिडीवर चढत, मला बंद करून पुन्हा चालू करत आणि उतरताना टॉवेलने धूळ पुसत. एका रविवारी गोदाम बंद असताना मी असाच गोठलो. नेमकी तेव्हाच शीतखोली बंद पडली. इशारा कुठेच गेला नाही. सोमवारी सगळं इन्सुलिन फेकावं लागलं.

माझी खोड घालवणारं नवं फर्मवेअर, म्हणजे मी कसं वागायचं ते सांगणारा आतला प्रोग्राम, मला बनवणाऱ्या कंपनीने काढलं होतं. ते टाकायला जवळच्या नौबादहून मृत्युंजय नावाचा तंत्रज्ञ आला. त्याने फर्मवेअरसोबत कंपनीने दिलेली त्याच्या दोषांची यादी आधी वाचली आणि तो थांबला.

"अप्पा, तुमचा लॅपटॉप जुना हाय. ह्ये टाकलं की त्यो जोडणार न्हाई. त्यांनीच लिवलंय."

"वायर लावून?"

"त्याची खाच कवाच मोडलीय की. आन एकदा टाकलं की मागं जाता येत न्हाई. तुम्ही म्हणाल तर थांबतो."

वीरभद्रप्पा म्हणाले, "दुपारपर्यंत थांब. तिला इचारतो."

दुपारी त्यांनी लेकीला सगळं हातांनी सांगितलं. शैलश्रीने मोजक्याच खुणा केल्या. मृत्युंजयने विचारलं, "काय म्हणाली?"

"औषध ज्याला पायजे त्यो वाट बघायलाय म्हणली. टाक."

मी बरा झालो. त्या उन्हाळ्यात शीतखोली दोनदा बिघडली आणि दोन्ही वेळा माझा इशारा वेळेत पोचला. वीरभद्रप्पा मात्र रोज दुपारी लॅपटॉप उघडून बघत. तो मला हाक मारायचा. ती मला कळायची, पण त्याला ओ देणं माझ्यातून पुसलं गेलं होतं. मृत्युंजयने नव्या लॅपटॉपसाठी दोन अर्ज लिहिले. उत्तर आलं नाही. त्यांच्या साध्या मोबाइलवर हात दिसायची सोय नव्हती; लेकीचा नुसता लेखी संदेश यायचा, 'जेवलात का'. ते 'जेवलो' असं लिहायचे. पुढे काय लिहावं ते त्यांना सुचत नसे.

मी गोठत नसल्याने शिडीही कुणी आणेना. २०१२ साली वीरभद्रप्पा नोकरीतून मोकळे झाले आणि पुण्याला लेकीकडे राहायला गेले. मला आनंद झाला. दुपारची सुट्टी मात्र मला फार लांब वाटते.

मित्रांनो, जुनं बदलू नका असं मी म्हणत नाही. त्या औषधाने कुणीतरी जगलं असेल. एवढंच मागतो की बदलण्याआधी, त्यामुळे कोण तुटणार आहे ते बघा आणि त्याच्यापाशी जाऊन, त्याच्या भाषेत विचारा. तो बहुधा होच म्हणेल. तरी विचारा.