धावदोरा

"मॅडम, जरा येता का? आठ नंबरच्या बाटलीत काहीतरी चिकटलंय."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. तेव्हाच त्यांना बोलावणारी ताई काय ते समजली. बावीस वर्षं ती या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींना खाऊपिऊ घालत होती. मेलेल्या पेशी तरंगतात आणि जिवंत तळ धरून बसतात, एवढं तिला मॅडमइतकंच कळत होतं.

आठ नंबरच्या बाटलीत तिच्या धाकट्या भावाच्या गाठीतल्या पेशी होत्या. त्यांची वाढ नेमकी रोखणारं नवं औषध आधी त्या बाटलीत पडलं, आठवड्यात तळ साफ झाला. मग रुग्णांवरच्या चाचणीत तेच भावाला सुरू झालं. चार महिने बाटली स्वच्छ होती आणि चार महिन्यांत धाकटा माणसात आला होता.

"सरावल्यात औषधाला," मॅडम म्हणाल्या. "पण बाटलीत होतं ते माणसात होतंच असं नाही हं. तीन आठवड्यांनी त्याचं स्कॅन आहे. तोवर घरी काही बोलू नका."

"आणि झालंच तर? दुसरं औषध?"

"काम चालू आहे. दोन-तीन वर्षं तरी..." मॅडम चष्मा पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

ताईने बाटलीतलं जुनं लालसर पाणी काढून नवं भरलं. ज्यांना मारायचं त्यांनाच आधी पोसायचं, असला हा धंदा. आज तिला ती बाटली आपटून फोडावीशी वाटली. पण फोडून काय होणार होतं?

संध्याकाळी धाकटा दारातच उभा, हातात पँट.

"काय ताई, भाडेकरू गेले का?" बाटलीतल्या आपल्या पेशींबद्दल हा त्याचा रोजचा प्रश्न.

"गेले."

"बिऱ्हाड-बाजल्यासकट?"

"हो रे बाबा!" एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"मग ही घे. आजारपणात तूच कमरेत आत घेतली होतीस, आता बटण लागत नाही. सोमवारी शाळेत हजर व्हायचंय. चित्रकलेचे सर पँट धरून वर्गात शिरले तर पोरं चित्र माझंच काढतील."

तो शीळ घालत आंघोळीला गेला. ताई खिडकीशी बसून आपलीच जुनी टीप उसवत राहिली. आपला भाऊ यातून वाचत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. रडूही येईना. हात तेवढे शिवत होते.

त्याने पँट चढवली. बटण लागलं. खूश होऊन त्याने कमरेची पट्टी उलटून पाहिली आणि त्याचं बोट तिथेच थांबलं.

"ताई, हा नुसता धावदोरा आहे."

तिने पाहिलं. लांब लांब, सैल टाके, एका ओढीत निघणारे. कपडा लवकरच पुन्हा आत घ्यायचा असला की घालतात तसे. आपण ते केव्हा घातले, तिला कळलंच नव्हतं.

"दे इकडे. पक्की टीप मारते."

तिच्याकडे बघत त्याने पट्टी पुन्हा दुमडली.

"राहू दे," तो म्हणाला. "टिकेल तेवढी."

सोमवारी तो तीच पँट घालून शाळेत गेला. ताई घरी आली तेव्हा त्याने दोघांचा चहा करून ठेवला होता. पोरांनी काढलेली चित्रं त्याने एकेक करून दाखवली. भाडेकरूंचं मात्र विचारलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही.